साडेपाचच्या गाडीपुरती प्रार्थना

माझ्या प्रार्थना लांब असत, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. कर्जत तालुक्यात कडावच्या शाळेवर मास्तर म्हणून बायकोला घेऊन आलो तेव्हा मी पंचविशीत होतो. नगरकडचा, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती, आणि आपल्याला बोलता येतं याची मला जरा जास्तच जाणीव होती. त्या भागात आमची पाच-सहाच घरं. चर्च नव्हतं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा कल्याणहून येत. बाकीचे रविवार कर्जतला रेल्वेच्या चाळीत, एका खलाशाच्या खोलीत आमची उपासना भरे आणि ती मी चालवत असे.

प्रार्थनेला मी आदामापासून सुरुवात करायचो आणि ग्रामपंचायतीपर्यंत यायचो. मधे आजारी, प्रवासी, सैनिक, विधवा, भातपीक, पंतप्रधान असे सगळे येऊन जात. एकदा नाताळच्या जेवणाला पानं वाढली होती आणि मी प्रार्थना धरली. आमेन होईपर्यंत रश्श्यावर तूप थिजलं. खलाशी म्हणाला, "मास्तरांची प्रार्थना म्हणजे घाटातली मालगाडी. मागून इंजिन लावल्याशिवाय वर चढायची नाही." सगळे हसले. मीही हसलो. मनातून मात्र सुखावलो, कारण मालगाडी लहान असते असं कुणी म्हणत नाही.

कडावात माझ्याखेरीज एकच ख्रिस्ती घर होतं, भाताच्या गिरणीतल्या मिस्त्रीचं. मिस्त्री आमच्याच नगरकडचा, अबोल माणूस. त्याची बायको नेरळकडची. तिचे वडील माथेरानला एका बंगल्यावर माळी होते आणि तिथंच ख्रिस्ती झाले होते. तिला सगळा गाव मिस्त्रीणबाई म्हणे. त्यांना एकच मुलगी, सहा वर्षांची, माझ्याच शाळेत पहिलीत. पाटीवर पेन्सिल इतकी दाबून लिहायची की शेजारची पोरं कानांवर हात ठेवत. मी तिला ओरडायचो.

गिरणीच्या मागे एक शेतकरी राहत असे, माझ्याच वयाचा. त्याच्या घरानं पाच-सात वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतला होता. गिरणीच्या ओट्यावर बसून आमचे वाद चालत. तो म्हणायचा, "मास्तर, तुमचा देव मागितल्याबिगर देत नाय, मंग त्याला देव कशाला म्हनायचं?" मी शास्त्रातले दाखले देत सुटायचो. तो बिडी ओढत ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "बोलता झाक." त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरायचं. ह्या माणसाला एकदा गप्प करायचं, असं मी मनाशी धरलं होतं.

साठच्या दशकाची सुरुवात. श्रावणातले दिवस. पाऊस तीन दिवस लागून राहिला होता. मिस्त्रीची मुलगी दोन दिवस शाळेत आलेली नव्हती. पाच वाजता शाळा सोडून मी गिरणीवरून घरी निघालो, तर मिस्त्रीणबाई दारातच उभी.

"मास्तर, पोरीचा घसा बगा. पानी बी उतरत नाय."

मिस्त्री गिरणीचा पट्टा आणायला कल्याणला गेला होता. मी धावत जाऊन दवाखान्यातल्या कंपाउंडरला आणलं. त्यानं बॅटरी लावून मुलीच्या घशात पाहिलं आणि मला बाहेर घेतलं. "घटसर्प दिसतोय. पांढरा पडदा धरलाय. ह्याचं इंजेक्शन माझ्याकडे नाही. साडेपाचच्या गाडीनं कर्जतला हलवा, उशीर नको." एवढं सांगून तो दुसऱ्या रोग्याकडे गेला.

साडेपाचची एस.टी. ही दिवसातली शेवटची. तिचा थांबा गिरणीच्या समोरच, मिस्त्रीच्या दारापासून चाळीस पावलांवर. आम्ही मुलीला घोंगडीत गुंडाळलं. मिस्त्रीणबाईनं दोन लुगडी पिशवीत कोंबली. अजून सात-आठ मिनिटं हाताशी होती. ती मुलीला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "निघायच्या आदी दोन शब्द प्रार्थना करा, मास्तर."

ती दोन शब्द म्हणाली होती. मी डोळे मिटण्याआधी पाहिलं, तो शेजारचा शेतकरी दारात येऊन उभा होता. डोक्यावरचं इरलं त्यानं उतरवून हातात धरलं होतं. दुसऱ्याच्या घरात देवाचं चाललंय म्हणून. तो ऐकतोय हे पाहून माझ्या अंगात आलं. मी प्रार्थना धरली ती थेट उत्पत्तीपासून. हे मी त्याला ऐकवत होतो. तेव्हाही मला हे कळत होतं, नंतर सुचलेलं नाही.

आमच्यात प्रार्थना मधेच तोडत नाहीत आणि आमेन होईपर्यंत कुणी डोळे उघडत नाही. लहान मुलांना पहिलं तेच शिकवतात. मिस्त्रीणबाई डोळे मिटून बसली होती. वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. दारातून खाकरण्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. गाडी थांब्यावर येऊन थांबली. मी सारं ऐकत होतो. मी तेव्हा देशोदेशीच्या आजाऱ्यांपर्यंत पोचलो होतो, मांडीवरच्या मुलीपर्यंत अजून यायचा होतो. वाटलं, चाळीस पावलं तर आहेत, गाडी थांबेल, प्रार्थनेचा शेवट नीट व्हायला हवा. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, आत कोण आहे. मी आमेन म्हटलं आणि डोळे उघडून धावलो तेव्हा गाडी पार ओढ्यापलीकडे गेली होती.

इरलं डोक्यावर घेऊन शेतकरी गोठ्याकडे वळला आणि बैल जुंपून गाडी दारात घेऊन आला.

कडावहून कर्जत पाच-सहा मैल. सुक्या दिवसांत बैलगाडीला दीड-दोन तास. त्या दिवशी रस्त्यावर जागोजाग शेतातलं पाणी आलं होतं. एका ठिकाणी चाक रुतलं. मुलीच्या श्वासाचा आवाज पावसातही ऐकू येत होता. मी घाबरून पुन्हा हात जोडले आणि तोंड उघडलं. शेतकरी खाली उतरून चिखलात गुडघाभर उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, तोंड ऱ्हाऊ द्या. चाकाला हात लावा."

मी चाकाला हात लावला. गाडी निघाली. तो बैलांच्या शेपट्या पिळत होता, ओरडत होता. मी मागून चालत होतो. कर्जतचे दिवे लांबून दिसायला लागले तेव्हा मिस्त्रीणबाई आतून म्हणाली, "आता सावकास हाका, दादा."

त्यानं कासरा सैल सोडला. त्याला कळलं होतं. मला दोन शेतं ओलांडेपर्यंत कळलं नाही.

रेल्वेलाइनच्या पलीकडे आमची छोटीशी दफनभूमी आहे, तिथं मुलीला ठेवलं. पाळकसाहेब कल्याणहून आले. माती लोटण्याआधी ते मला म्हणाले, "मास्तर, आपण प्रार्थना चालवा." सगळ्यांनी डोळे मिटले. मी मान वर केली तर मिस्त्रीणबाई डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होती. राग असता तर मी सहन केला असता. ती फक्त पाहत होती. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. शेवटी पाळकसाहेबांनी स्वतःच प्रार्थना केली.

नंतर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "प्रत्येकाची वेळ देवानं ठरवलेली असते." मी चिडलो. म्हटलं, "माझं खापर देवाच्या माथी फोडू नका." कंपाउंडर म्हणाला, "वेळेत पोचली असती तरी सांगता येत नाही." भला माणूस. पण त्या 'सांगता येत नाही'वर मी माझी पुढची सगळी वर्षं काढली. मिस्त्री कधी काही बोलला नाही. गावातही कुणी बोललं नाही. शेतकरी एकदाच म्हणाला, "दुसऱ्याच्या देवाच्या मधी कसं बोलायचं, म्हनून खाकारलो. बोलायला पायजे होतं." म्हणजे त्यानंही स्वतःकडे घेतलं होतं. मला त्याच्यासमोर बसवेना. ओट्यावरचे वाद संपले.

त्यानंतर मला प्रार्थना येईना. रविवारी घसा बसल्याचं सांगितलं. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी बायकोनंच उपासना चालवली. बायको माझी हिशेबी बोलणारी, चार वाक्यांत आटोपली. मिस्त्रीणबाई मागे भिंतीशी बसली होती. सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा आमच्या दोघांचेच उघडे होते. ती खिडकीबाहेर पाहत होती, मी तिच्याकडे. पुढे किती वर्षं दर रविवारी हे असंच चाललं. ती उपासनेला यायची, भजनं म्हणायची, जाताना सगळ्यांना सलाम करायची, मलाही करायची. डोळे मात्र तिनं मिटले नाहीत. पुन्हा कधी डोळे मिटायची ह्या बाईला भीती वाटते, आणि ती भीती मी घातली, हे मला दर आठवड्याला दिसत होतं.

घरात मी भयंकर झालो होतो. पोरांवर हात उगारायचो, जेवणाच्या ताटावरून उठायचो. एका संध्याकाळी बायको म्हणाली, "देवाशी बोलता येत नाही म्हणून राग आहे, की लोकांसमोर बोलता येत नाही म्हणून?"

"तुला काय करायचंय?"

"एक वाक्य म्हणा. एकच. ते जमलं की मग दुसरं."

"एक वाक्य? मी काय पहिलीत आहे?"

"बसा की पहिलीत," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

पहिलीत एक जागा रिकामी होती, हे तिच्या लक्षात नसावं. मला मात्र ते लागलं. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. पाय गिरणीकडे गेले. थांब्यावर कुणी नव्हतं. वळणावर हॉर्न वाजला. तो हॉर्न वाजल्यापासून गाडी थांब्याला लागेपर्यंत जेमतेम अर्धं मिनिट जातं. तेवढ्यात मी मनात म्हटलं, "प्रभू, मी आलो आहे." गाडी थांबली, दोघे उतरले, गाडी गेली. मीही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मग रोजच. मोठा निश्चय वगैरे केला नव्हता. शाळा पाचला सुटे, घरी जाऊन पाणी पिऊन थांब्यावर जायला वेळ मिळे. पहिला महिना तेच वाक्य. दुसऱ्या महिन्यात एक ठाकरीण डोक्यावर रानभाजीची पाटी घेऊन बांधावरून धावत येताना दिसली. कंडक्टरनं घंटी मारली होती. मी जाऊन गाडीच्या पुढ्यात उभा राहिलो. ड्रायव्हरनं माझ्या सात पिढ्या उद्धारल्या. ठाकरीण चढली. त्या दिवशी मी दुसरं वाक्य म्हटलं, "ही गाडी सुखरूप पोचू दे."

मग तो माझा उद्योगच झाला. शेताकडे नजर ठेवायची, कुणी येतंय का पाहायचं, तोवर गाडी धरून ठेवायची. कुणाचं गाठोडं वर चढवायचं, कुणा म्हातारीला हात द्यायचा. पोरं मला बिनपगारी कंट्रोलर म्हणत. बायको म्हणे, "लोकांचं देवालय दगडाचं, तुमचं एस.टी.चं." नवे कंडक्टर पहिल्या आठवड्यात भांडत, दुसऱ्या आठवड्यात ओळखीचे होत. पुढेपुढे तर घंटी मारण्याआधी ते मलाच विचारत, "मास्तर, सोडू का गाडी?" मी शेताकडे एकदा पाहून सोडा म्हणायचो.

मिस्त्रीणबाईचं दार थांब्याच्या समोरच. संध्याकाळी ती दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसे. मी येऊन उभा राहिलो की तिला दिसे, ती मला दिसे. सूप थांबत नसे. ऊन असो, पाऊस असो, दिवाळी असो, मी गावात असताना आमची ही भेट चुकली नाही. तिला काय वाटत असेल, ह्याचा विचार करून मी थकलो. कधी वाटे, तिला बरं वाटत असेल. कधी वाटे, रोज येऊन हा माणूस माझ्या जखमेवर उभा राहतो, असंच वाटत असेल. विचारायची माझी छाती झाली नाही. मी आपला माझं वाक्य म्हणायचो.

देव भेटला असं मी म्हणणार नाही. पुष्कळ दिवस पालथ्या घड्यावर पाणी पडत होतं. हॉर्न वाजायचा, मी वाक्य म्हणायचो आणि पलीकडे कुणी नाही असं स्पष्ट जाणवायचं. शाळेच्या भिंतीवर मीच रंगवून घेतलं होतं, थेंबे थेंबे तळे साचे. ते वाचलं की मला हसू येई. माझ्या हातात थेंबच होते, तळं कधी दिसलं नाही. तरी एक फरक पडला, तो मी नाकारत नाही. लोकांसमोर छान बोलायची हाव गेली. मुलांवर हात उगारणं थांबलं, हळूहळू, दोन पावलं पुढे एक मागे असं करत. सहा-सात वर्षांनी एका रविवारी खलाशाच्या खोलीत मी उठून प्रार्थना केली. तीन वाक्यं. खलाशी म्हातारा झाला होता. तो म्हणाला, "मास्तर, आता तुमची गाडी डबे सोडून आली." कुणी हसलं नाही.

मधे तीन वर्षं माझी बदली खालापूर तालुक्यात झाली. बिऱ्हाड कडावलाच ठेवलं होतं, शनिवारी घरी यायचो. तिथंही संध्याकाळच्या गाडीला मी थांब्यावर जाऊन उभा राहत असे. तिथल्या लोकांना वाटलं, मास्तरांचं घरात लक्ष लागत नाही. खरंही होतं म्हणा. एका शनिवारी कडावला उतरलो तर शेतकरी थांब्यावर उभा. म्हणाला, "तुमी नाय तवा मी बगतो. कुनाला मागं ठेवून गाडी सोडायची नाय, असं ठरवलंय." ओट्यावरचे वाद संपल्यानंतर इतक्या वर्षांनी आम्ही पहिल्यांदा एकत्र चहा प्यालो. देवाचा विषय कुणी काढला नाही.

ऐंशीच्या पुढेमागे मिस्त्रीणबाई आजारी पडली. पोटात गाठ झाली होती. कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. सुगीचे दिवस, गिरणी दिवसभर चालू, सगळ्या थांब्यावर कोंडा उडत होता. मी नेहमीसारखा साडेपाचला गेलो तर मिस्त्री पिशवी घेऊन उभा आणि ती शेजारी दगडावर बसलेली. अर्धी झाली होती. मी सलाम केला. तिनं मान हलवली. आम्ही तिघं रस्त्याकडे पाहत राहिलो.

वळणावर हॉर्न वाजला.

ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, प्रार्थना करा."

एकोणीस वर्षांनी तिनं तोच शब्द उच्चारला होता, त्याच दारासमोर. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते. मिस्त्रीनंही मिटले होते. माझे मी उघडेच ठेवले, रस्त्यावर.

"प्रभू, हिच्याबरोबर जा. आमेन."

"आमेन," ती म्हणाली.

गाडी अजून वळणाजवळच होती. ती लागेपर्यंत आम्हांला वाट पाहावी लागली. मग मिस्त्री पिशवी घेऊन आधी चढला. मी तिला हात दिला. तिचा हात पाखरासारखा हलका लागला. पायरीवर एक पाय ठेवून ती थांबली आणि मागं वळून, अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशी बोलली.

"तवा येवढीच केली असतीत, तरी पुरली असती, मास्तर."

मी हो म्हणालो. एकोणीस वर्षं मी हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट पाहिली होती. लोक मला सांगता येत नाही म्हणत होते, देवाची मर्जी म्हणत होते. खरं ते तिनं सांगितलं, आणि माझ्याकडून आधी प्रार्थना करून घेऊन मग सांगितलं. ती वर चढून खिडकीशी बसली. ती मुंबईहून परत आली नाही. पण हे तेव्हा आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं, किंवा तिला माहीत असावं.

कंडक्टर दारात उभा होता. घंटीची दोरी हातात धरून त्यानं रोजच्यासारखं विचारलं, "मास्तर, सोडू का गाडी?"

मी शेताकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. तरी मला सोडा म्हणायला जरा वेळ लागला.